स्मार्टफोनवरील पर्यायी फर्मवेअर आणि आरंभकालीन इशारे : अँड्रॉइडच्या ‘पडताळणीयुक्त आरंभ’ व्यवस्थेचा परिचयात्मक अभ्यास

गोषवारा

स्मार्टफोनचे यंत्र सुस्थितीत असूनही उत्पादकाकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्यामुळे तो कालबाह्य ठरतो. अशा फोनवर पर्यायी फर्मवेअर बसवून त्याचे आयुष्य वाढवता येते. मात्र त्यानंतर फोन सुरू होताना नारिंगी, पिवळ्या वा लाल रंगाचे इशारे दिसू लागतात आणि वापरकर्ता संभ्रमात पडतो. प्रस्तुत लेखात हे इशारे कोणत्या यंत्रणेतून निर्माण होतात, त्यांपैकी कोणता इशारा निव्वळ वस्तुस्थिती सांगतो व कोणता बिघाड दर्शवतो, तसेच प्रत्येक प्रसंगी कोणती उपाययोजना करावी याचे विवेचन केले आहे. उदाहरणासाठी गूगलचा पिक्सेल ३ए हा फोन व लिनेजओएस ही प्रणाली निवडली आहे.

बीजसंज्ञा : फर्मवेअर, बूटलोडर, पडताळणीयुक्त आरंभ, डिजिटल स्वाक्षरी, लिनेजओएस, माहिती-सुरक्षा.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात स्मार्टफोन हे आता केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर व्याख्याने, स्वाध्याय, हजेरी, गुणपत्रके अशी अनेक कामे या एकाच उपकरणावर येऊन ठेपली. अशा वेळी घरातील जुना फोन गरजू विद्यार्थ्यास द्यावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. फोनचा पडदा शाबूत असतो, बॅटरी बदलून मिळते. परंतु त्यातील प्रणाली चार-पाच वर्षांपूर्वीची असते आणि तिच्यातील ज्ञात सुरक्षा-त्रुटी कोणीही बुजवणार नसते. यावर पर्यायी फर्मवेअर हा एक उपाय सुचवला जातो.

हा उपाय करणाऱ्यास पहिल्याच वेळी एक धक्का बसतो. फोन सुरू करताच पडद्यावर असा आशयाचा मजकूर येतो की, या फोनचे बूटलोडर खुले आहे, प्रणालीच्या शुद्धतेची हमी देता येत नाही, येथे संवेदनशील माहिती साठवू नये. काही जण हा इशारा बिघाड समजून केलेले काम पुन्हा मोडतात. काही जण तो दिसेनासा करण्याच्या युक्त्या शोधतात. काही जण बूटलोडर घाईने पुन्हा बंद करतात व चालता फोन कायमचा निकामी करून बसतात. तिन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी इशाऱ्याचा अर्थ न समजणे हेच कारण आहे. तो अर्थ स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे व पद्धती

(१) फोन सुरू होताना घडणाऱ्या पडताळणीची प्रक्रिया समजावून सांगणे. (२) आरंभकालीन इशाऱ्यांचे वर्गीकरण करणे. (३) फर्मवेअर बसवताना येणाऱ्या प्रमुख अडचणींची कारणे व उपाय नोंदवणे. (४) शैक्षणिक कामासाठी असा फोन वापरावा की नाही, याविषयी विवेकाचे निकष सुचवणे. विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. पर्यायी फर्मवेअरची पार्श्वभूमी

अँड्रॉइडवर चालणारा पहिला व्यावसायिक फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. अँड्रॉइडच्या गाभ्याशी असलेले लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार वितरित होते व अँड्रॉइडचा बराचसा मूळ संकेतही खुला आहे. त्यामुळे तो घेऊन, बदलून, पुन्हा बांधणे कोणासही शक्य झाले. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सुरू केलेला सायनोजेनमॉड हा या चळवळीतील सर्वांत परिचित प्रकल्प होय. त्याच वर्षी गूगलने त्यांना आपली मालकीची ॲप्स या संचासोबत वितरित न करण्याची नोटीस दिली. गूगलची ॲप्स आजही पर्यायी प्रणालीपासून वेगळी, स्वतंत्र संचाच्या रूपाने बसवावी लागतात, ती याच कारणाने.

२०१३ मध्ये या प्रकल्पातून सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी उभी राहिली. भारताशी तिचा जवळचा संबंध आला. २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन तिच्या प्रणालीसह आला, तर मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या नाममुद्रेशी कंपनीने भारतापुरता स्वतंत्र करार केला; त्यातून उद्भवलेला वाद डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या आणि स्वयंसेवकांनी तोच संकेत पुढे नेत लिनेजओएस हा प्रकल्प सुरू केला.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने एक बाब उल्लेखनीय आहे. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० आवृत्तीत प्रणालीची भाषा म्हणून मराठीचा समावेश झाला. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर अडकून पडलेल्या ज्या फोनला उत्पादकाने पुढची आवृत्ती दिली नाही, त्यांना पर्यायी फर्मवेअरमधूनच मराठी मेनू मिळू शकत होता.

४. पडताळणीयुक्त आरंभ : विश्वासाची साखळी

फोनची कळ दाबल्यावर सर्वप्रथम प्रोसेसरमध्ये कायमस्वरूपी कोरलेला छोटा कार्यक्रम चालतो. तो पुढच्या टप्प्यावरील बूटलोडरची डिजिटल स्वाक्षरी तपासतो. बूटलोडर कर्नल असलेल्या पार्टिशनची तपासणी करतो आणि कर्नल उर्वरित प्रणालीची. प्रत्येक टप्पा आपल्यानंतरच्या टप्प्याची शहानिशा करूनच त्याच्या हाती सूत्रे देतो. या क्रमास विश्वासाची साखळी असे म्हणतात.

स्वाक्षरीची कल्पना परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. विद्यापीठाची मोहोरबंद प्रश्नपत्रिका केंद्रावर येते तेव्हा केंद्रप्रमुख आतील प्रश्नांची योग्यता तपासत नाहीत. ते मोहोर अभंग आहे व ती विद्यापीठाचीच आहे, एवढेच पाहतात. बूटलोडरही तेच करतो. उत्पादकाची सार्वजनिक किल्ली त्याच्याजवळ असते. प्रणालीवरील स्वाक्षरी त्या किल्लीशी जुळते की नाही, इतकेच तो ठरवतो. प्रणाली चांगली की वाईट, याविषयी त्याचे काहीही मत नसते. पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच मुद्दा आहे.

संपूर्ण प्रणाली आरंभी एकदम तपासायची तर प्रत्येक वेळी फार वेळ लागेल. यासाठी २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ आवृत्तीत डीएम-व्हेरिटी ही योजना आणण्यात आली. तीत पार्टिशनचे ४,०९६ बाइटचे ठोकळे पाडून प्रत्येकाचा एसएचए-२५६ पद्धतीने ३२ बाइटचा हॅश काढतात. एका ठोकळ्यात असे १२८ हॅश मावतात. १ गिगाबाइटच्या पार्टिशनमध्ये २,६२,१४४ ठोकळे असतात. त्यांचे हॅश २,०४८ ठोकळ्यांत, त्या ठोकळ्यांचे हॅश १६ ठोकळ्यांत आणि त्यांचे एका ठोकळ्यात बसतात. त्या एका ठोकळ्याचा हॅश म्हणजे मूळ हॅश. तो स्वाक्षरीने बद्ध केला की सुमारे ८ मेगाबाइटच्या या वृक्षावरून कोणताही ठोकळा वाचते वेळीच तपासता येतो. प्रणालीतील एक अक्षर जरी बदलले तरी त्याच्या ठोकळ्याचा हॅश बदलतो, त्यावरचा बदलतो आणि अखेर मूळ हॅश जुळत नाही.

२०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये या पडताळणीचे निष्कर्ष वापरकर्त्यास इशाऱ्याच्या रूपाने दाखवले जाऊ लागले. २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून बूटलोडर बंद असलेल्या फोनवर दूषित प्रणाली सुरू होऊ न देण्याचे धोरण कठोर झाले. त्याच वेळी स्मृतीतील किरकोळ दोष आपोआप दुरुस्त व्हावेत यासाठी त्रुटी-सुधारणेची सोयही जोडण्यात आली. २०१७ च्या ८.० आवृत्तीसोबत व्यवस्थेची नवी रचना आली. तीत ‘व्हीबीमेटा’ नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये इतर पार्टिशनांचे हॅश व स्वाक्षऱ्या एकत्र ठेवतात, तसेच जुनी, सदोष आवृत्ती पुन्हा बसवता येऊ नये यासाठी आवृत्ती-क्रमांकाची नोंद सुरक्षित जागी राखतात.

५. इशाऱ्यांचे चार रंग व त्यांचा अर्थ

हिरवी अवस्था : बूटलोडर बंद, प्रणाली उत्पादकाच्या स्वाक्षरीची व पडताळणी यशस्वी. या अवस्थेत कोणताही इशारा दिसत नाही.

पिवळी अवस्था : बूटलोडर बंद आहे, पडताळणीही यशस्वी झाली आहे, मात्र किल्ली उत्पादकाची नसून वापरकर्त्याने स्वतः फोनमध्ये नोंदवलेली आहे. पिक्सेल फोनवर ही सोय आहे व ग्राफीनओएस ही प्रणाली तिचा उपयोग करते. या इशाऱ्यासोबत किल्लीच्या हॅशमधील अंकाक्षरे दिसतात. ती प्रकल्पाने जाहीर केलेल्या अंकाक्षरांशी पडताळून पाहिल्यास फोनमध्ये तीच प्रणाली आहे याची खात्री होते. थोडक्यात, पिवळा इशारा हा ओळखपत्राचे काम करतो.

नारिंगी अवस्था : बूटलोडर खुले आहे. पडताळणी अयशस्वी झाली तरी फोन पुढे जाईल, हे बूटलोडर येथे प्रांजळपणे सांगतो. आतील प्रणाली अस्सल असो वा कोणी घुसडलेली, इशारा एकच राहतो. म्हणून नारिंगी इशारा बिघाडाचा निदर्शक नसतो आणि सुरक्षिततेचाही नसतो.

लाल अवस्था : हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात डीएम-व्हेरिटीला प्रणालीतील ठोकळा दूषित आढळतो. असा फोन प्रथम स्वतःहून पुन्हा सुरू होतो व नंतर, उपकरण विश्वासार्ह राहिलेले नाही, असा इशारा देतो. दुसऱ्यात बूटलोडरला सुरू करण्याजोगी वैध प्रणालीच सापडत नाही आणि फोन तेथेच थांबतो. लाल इशारा मात्र बिघाडाचाच असतो व त्यावर कृती आवश्यक असते.

६. स्थापनेची प्रक्रिया : पिक्सेल ३ए चे उदाहरण

पिक्सेल ३ए मे २०१९ मध्ये भारतासह अनेक देशांत विक्रीस आला. त्याला मे २०२२ पर्यंतच सुरक्षा-दुरुस्त्यांची हमी होती. त्यानंतरही लिनेजओएसच्या स्वयंसेवकांनी त्यासाठी नव्या आवृत्त्या तयार केल्या. स्थापनेचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम फोनमधील सर्व माहितीची प्रत दुसरीकडे घ्यावी आणि गूगल खाते फोनमधून काढून टाकावे. अन्यथा माहिती पुसल्यानंतर फोन जुन्या मालकाचे खाते मागू शकतो. मूळ फर्मवेअर स्थापना-मार्गदर्शिकेत सांगितलेल्या आवृत्तीचे असल्याची खात्री करावी. उतरवून घेतलेल्या संचाचा एसएचए-२५६ हॅश प्रकल्पाने दिलेल्या हॅशशी ताडून पाहावा.

त्यानंतर सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारल्यास विकसकांचे पर्याय खुले होतात. त्यातील ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय चालू करावा. फोन बंद करून आवाज कमी करण्याचे बटण व पॉवर बटण एकत्र दाबल्यास फास्टबूट पडदा येतो. संगणकाशी केबल जोडून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा दिली की फोन संमती विचारतो व संमती मिळताच आतील सर्व माहिती पुसतो. ही पुसणी हेतुपुरस्सर आहे. ती नसती तर चोरास फोनचे बूटलोडर खुले करून, आपली प्रणाली बसवून, मालकाची माहिती वाचण्याचा मार्ग मिळाला असता.

पुढे लिनेजओएसची रिकव्हरी बसवून, तीत शिरून, ‘फॉरमॅट डेटा’ हा पर्याय निवडावा आणि मुख्य संच ‘साइडलोड’ पद्धतीने संगणकावरून पाठवावा. गूगलची ॲप्स हवी असल्यास त्यांचा संच नवी प्रणाली प्रथम सुरू होण्यापूर्वीच बसवावा लागतो. यानंतर फोन सुरू केल्यावर नारिंगी इशारा येतो, काही सेकंद थांबतो आणि प्रणाली सुरू होते. येथे स्थापना यशस्वी झाली असे समजावे.

७. अडचणी व त्यांचे निराकरण

७.१ फोन नारिंगी पडद्यावरच थांबणे. इशारा पाहून गोंधळलेला वापरकर्ता पुष्कळदा पॉवर बटण दाबतो. पिक्सेल फोनवर या क्षणी ते बटण दाबल्यास आरंभ तात्पुरता थांबवला जातो, तशी सूचनाही त्याच पडद्यावर लहान अक्षरांत असते. बटण पुन्हा दाबले की आरंभ पुढे सरकतो. ज्यास बिघाड समजले जाते, तो अनेकदा एवढाच असतो.

७.२ संगणकास फोन न दिसणे. केवळ चार्जिंगसाठीची केबल, सदोष यूएसबी पोर्ट किंवा विंडोजवरील ड्रायव्हरचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे होत. केबल व पोर्ट बदलून पाहणे ही पहिली पायरी असावी.

७.३ साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबणे. संगणकावर हा आकडा दिसून आज्ञा संपते व अपयशासारखा भासणारा संदेश येतो. तथापि, काही फोनवर काम पूर्ण होऊनही आकडा तेथेच थांबतो. अशा वेळी केबल ओढून न काढता फोनच्या पडद्यावरील नोंद वाचावी.

७.४ स्वाक्षरी जुळत नसल्याची रिकव्हरीची सूचना. गूगल ॲप्सच्या संचावर लिनेजओएसची स्वाक्षरी नसल्याने ही सूचना अपेक्षितच असते व संमती देऊन पुढे जाता येते. लिनेजओएसच्या मुख्य संचाबाबत तीच सूचना आली तर मात्र थांबावे. संच अपूर्ण उतरला असेल किंवा कोणी बदललेला असेल.

७.५ प्रणाली सुरू करता येत नसून माहिती दूषित असावी, असा रिकव्हरीतील संदेश. मूळ प्रणालीने कूटबद्ध केलेली जुनी माहिती नव्या प्रणालीस उलगडता येत नाही, हे याचे नेहमीचे कारण असते. ‘फॉरमॅट डेटा’ ही पायरी गाळल्यास हा प्रसंग उद्भवतो. ती पूर्ण केल्यास तो दूर होतो.

७.६ आरंभाचे चक्र न संपणे. पिक्सेल ३ए सारख्या फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती, ‘ए’ व ‘बी’, असतात. एक प्रत ठरावीक प्रयत्नांत सुरू झाली नाही तर बूटलोडर दुसरीकडे वळतो. तेथील फर्मवेअर जुने किंवा अपूर्ण असेल तर फोन पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. दोन्ही प्रतींतील फर्मवेअर स्थापनेपूर्वी एकसारखे करून घेणे हा यावरील प्रतिबंधक उपाय होय.

७.७ जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा प्रयत्न. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेसाठी अँड्रॉइड १३ आले, तेव्हा त्यातील बूटलोडरने आवृत्ती-क्रमांक वाढवला आणि अँड्रॉइड १२ च्या बूटलोडरकडे परतण्याची वाट बंद झाली. अशा फोनवर जुने फर्मवेअर बसवण्याचा अट्टहास फोन निकामी करू शकतो.

७.८ बूटलोडर पुन्हा बंद केल्यावर येणारा लाल इशारा. ही सर्वांत गंभीर चूक होय. नारिंगी इशारा जावा म्हणून लिनेजओएस असतानाच बूटलोडर बंद केला, तर तो उत्पादकाची स्वाक्षरी शोधतो, ती न सापडल्याने वैध प्रणाली नाही असे जाहीर करतो व थांबतो. ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू राहिलेले असेल तर बूटलोडर पुन्हा खुले करून सुटका होते. ते बंद असेल तर ते चालू करण्यासाठी सेटिंग्जपर्यंत पोहोचावे लागते आणि तेथे पोहोचण्यासाठी प्रणाली सुरू व्हावी लागते. हा पेच सामान्य वापरकर्त्यास सुटत नाही. म्हणून बूटलोडर बंद करायचाच असल्यास आधी उत्पादकाचे संपूर्ण मूळ फर्मवेअर बसवावे, ते सुरू होत असल्याची खात्री करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. बूटलोडर बंद करतानाही माहिती पुसली जाते, हे ध्यानी ठेवावे.

याखेरीज, आयएमईआय क्रमांक व संवेदकांच्या जुळणीची माहिती असलेली पार्टिशने कोणत्याही उपायाच्या नावाखाली पुसू नयेत. ती फोनगणिक वेगळी असतात व दुसऱ्या फोनमधून आणता येत नाहीत.

८. शैक्षणिक वापर : विवेकाचे निकष

सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारा, परंतु बूटलोडर बंद असलेला मूळ फोन आणि अद्ययावत प्रणालीचा, परंतु बूटलोडर खुले असलेला फोन, या दोहोंत सुरक्षित कोणता? उत्तर धोक्याच्या स्वरूपावर अवलंबून आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या ज्ञात त्रुटींच्या हल्ल्यापुढे दुसरा फोन सरस ठरतो. फोन काही काळ परक्या हाती पडण्याचा संभव असेल तर पहिला सरस ठरतो. कारण खुल्या बूटलोडरवर प्रणालीत केलेला बदल कोणताही इशारा उघड करीत नाही.

यावरून काही निकष मांडता येतात. विद्यार्थ्यास वाचन, व्याख्याने व स्वाध्याय यांसाठी द्यावयाचा फोन नारिंगी अवस्थेत असण्यास हरकत नाही. मात्र इशाऱ्याचा अर्थ त्यास समजावून द्यावा. प्रश्नपत्रिका, गुणयाद्या व विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती अशा फोनवर ठेवू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने संस्थांवर टाकलेली माहिती जपण्याची जबाबदारी पाहता ही काळजी अधिकच आवश्यक ठरते. बँकांची व देयकांची काही ॲप्स बूटलोडरची अवस्था हार्डवेअरकडून प्रमाणित करून घेतात व खुल्या फोनवर चालण्यास नकार देतात, हेही आधीच सांगावे. सॅमसंगच्या नॉक्स व्यवस्था असलेल्या फोनमध्ये बाहेरची प्रणाली सुरू केल्याची नोंद एका इलेक्ट्रॉनिक फ्यूजमध्ये कायमची होते. मूळ फर्मवेअर परत बसवूनही ती पुसता येत नाही. संस्थेच्या मालकीच्या उपकरणावर असा प्रयोग लेखी परवानगीवाचून करू नये.

आरंभीचे चित्र बदलून नारिंगी मजकूर झाकण्याच्या युक्त्या काही फोनवर चालतात. त्यांचा अवलंब करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्वतःपुरते ते सोयीचे वाटले, तरी तोच फोन पुढे विकला किंवा दान दिला गेल्यास नव्या धारकाला वस्तुस्थिती कळण्याचा एकमेव मार्ग आपण बंद केलेला असतो.

९. निष्कर्ष

(१) आरंभकालीन इशारे प्रणालीची गुणवत्ता सांगत नाहीत. बूटलोडरची अवस्था व स्वाक्षरी कोणाची, एवढेच सांगतात. (२) पिवळा इशारा पडताळून पाहावा, नारिंगी समजून घ्यावा आणि लाल इशाऱ्यावर कृती करावी. (३) स्थापनेतील बहुतांश अडचणी माहिती न पुसणे, फर्मवेअरची विसंगत आवृत्ती आणि संदेश न वाचता केलेली घाई यांतून उद्भवतात. (४) मूळ फर्मवेअर पूर्ववत केल्याखेरीज बूटलोडर बंद करणे ही टाळता येण्याजोगी, पण सर्वांत महागात पडणारी चूक आहे. (५) पर्यायी फर्मवेअर जुन्या फोनला उपयुक्त आयुष्य देते. परंतु पडताळणीची जबाबदारी उत्पादकाकडून वापरकर्त्याकडे येते.

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. दुरुस्तीचा विचार यंत्राच्या सुट्या भागांपुरता मर्यादित न ठेवता त्यातील प्रणालीपर्यंत न्यावयाचा असेल, तर हे ज्ञान संगणकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेबाहेर, इतर विषयांच्या अध्यापकांपर्यंतही पोहोचले पाहिजे.